‘मेक अप’ या एका क्रियापदाचे इतके अर्थ मुलांना कसे शिकवावेत?

मांडवीकर :
नमस्कार मंडळी. मी बडोद्यात आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. वर्गात मराठी घरची मुले आहेत, तशीच गुजराती घरचीही आहेत. क्रियापदामागे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असा एखादा लहानसा शब्द लागला की अर्थ पालटतो, आणि तिथे भली हुशार मुलेही गांगरतात. त्यातही ‘मेक अप’ सर्वांत त्रासदायक आहे. मार्गदर्शिकेत त्याचे अर्थ क्रमांक घालून दिलेले असतात : चेहऱ्याची रंगरंगोटी करणे, मनाने गोष्ट रचणे, भांडण मिटवणे, तूट भरून काढणे, अनेक घटक मिळून एखादी वस्तू होणे आणि मनाशी निश्चय करणे. मुले हे पाठ करतात, परीक्षेत रिकाम्या जागा भरतात आणि सुट्टीनंतर सारे विसरलेले असतात.

माझे मत असे आहे की हे सहा अर्थ एकाच मुळाचे फाटे आहेत. येथे ‘अप’चा अर्थ ‘वर’ असा नसून ‘पुरते, शेवटपर्यंत’ असा आहे. ‘ईट अप’ म्हणजे पानातले सगळे संपवणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे, ‘फिल अप’ म्हणजे काठोकाठ भरणे. त्या न्यायाने ‘मेक अप’ म्हणजे जे अपुरे किंवा विखुरलेले आहे, ते पुरे करणे. एवढे एक सूत्र हाती दिले तर यादीची गरज उरणार नाही, असे मला वाटते. हे सूत्र टिकते का, आणि आपापल्या कामात हा शब्द आपण कोणत्या अर्थाने ऐकता, हे कृपया लिहावे.

कोयली रोड :
सर, आमच्या कारखान्यात हा शब्द दर पाळीत ऐकू येतो आणि तो अगदी तुमच्याच अर्थाने वापरला जातो. कूलिंग टॉवरमध्ये गरम झालेले पाणी वरून खाली पडते, त्याला हवेचा झोत लागतो आणि थोड्या पाण्याची वाफ होऊन बाकीचे थंड होते. वाफ निघून जाते, पण तिच्यातले क्षार मात्र मागे राहतात. ते साचून नळ्यांवर थर चढू नये म्हणून काही पाणी मुद्दाम बाहेर सोडावे लागते, त्याला आम्ही ब्लोडाउन म्हणतो. शिवाय काही थेंब हवेबरोबर उडून जातात. वाफ, ब्लोडाउन आणि उडालेले थेंब यांची जेवढी बेरीज होते, तेवढेच ताजे पाणी परत आत घ्यावे लागते, आणि त्या पाण्याचे नावच ‘मेकअप वॉटर’ असे आहे. टाकीची पातळी उतरली की तरंगता गोळा खाली जातो, झडप उघडते आणि मेकअप सुरू होतो. ‘मेकअप चालू करो’ असे ऑपरेटर गुजरातीत ओरडतो, तेव्हा पावडर-लिपस्टिक कोणाच्याही डोक्यात येत नाही.

येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. टाकी पहिल्यांदा रिकामी असताना जे पाणी भरतात, त्याला कोणी मेकअप म्हणत नाही. आधी काहीतरी होते, त्यातून काही गेले आणि गेले तेवढेच परत आणले, तरच तो मेकअप.

रसायनशाळा :
वरील शेवटच्या मुद्द्यावर मला थोडे वेगळे सांगायचे आहे, कारण प्रयोगशाळेत काहीच गेलेले नसतानाही मेकअप होतो. पदवीच्या वर्गात मी मुलांना ०.१ मोलर मिठाचे द्रावण करायला सांगते. एक लिटरसाठी ५.८४ ग्रॅम सोडियम क्लोराइड लागते. नवखा विद्यार्थी एक लिटर पाणी मोजून घेतो आणि त्यात मीठ टाकतो. ते चुकीचे आहे. मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवायचे, ते द्रावण लांब मानेच्या चंबूत ओतायचे, भांडे खंगाळून ते पाणीही त्यातच घालायचे आणि मग मानेवरच्या रेघेपर्यंत शुद्ध पाणी भरत न्यायचे. शेवटचे थेंब पिपेटने सोडायचे, डोळा रेघेच्या समोर आणायचा आणि पाण्याच्या पृष्ठभागाचा खोलगट तळ रेघेला टेकला की थांबायचे. या क्रियेला ‘मेक अप टू द मार्क’ म्हणतात. येथे किती पाणी घातले, हे कोणी विचारत नाही. एकूण आकारमान ठरलेल्या रेघेला पोचले की नाही, एवढेच पाहतात.

त्यामुळे मांडवीकर सरांचे ‘अपुरे ते पुरे करणे’ हेच सूत्र मला अधिक व्यापक वाटते. ‘गेलेले भरून काढणे’ हा त्याचा एक प्रकार झाला.

प्रतापनगर :
मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे. आमच्याकडे ‘गाडीने दहा मिनिटे मेकअप केली’ हे वाक्य मराठी, गुजराती, हिंदी अशा सर्व भाषांत जसेच्या तसे चालते. वेळापत्रक आखताना काही टप्प्यांत मुद्दाम जादा मिनिटे ठेवलेली असतात, त्यांना रिकव्हरी टाइम म्हणतात. गाडी अहमदाबादहून उशिरा सुटली, तरी पुढे मार्ग मोकळा मिळाला तर याच मिनिटांत तो उशीर भरून निघतो. प्रवाशांना वाटते की चालकाने गाडी भरधाव हाकली. वास्तविक वेगमर्यादा ओलांडण्याची मुभा त्याला कधीच नसते. मर्यादेच्या आत राहून, वेळापत्रकात राखून ठेवलेली मिनिटे वापरून तो वेळ मिळवतो.

मला एक विचारायचे आहे. ‘मेक अप टाइम’ बरोबर की ‘मेक अप फॉर लॉस्ट टाइम’? कागदपत्रांत दोन्ही पाहिले आहेत.

दांडिया बाजार :
मांडवीकर, आपल्या तळमळीविषयी आदर बाळगून मी असहमती नोंदवतो. कारखाना, प्रयोगशाळा आणि रेल्वे या तिन्ही ठिकाणी मोजता येणारी तूट आहे, म्हणून तेथे आपले सूत्र चपखल बसले. पण उशिरा आलेला विद्यार्थी ‘वाटेत सायकल पंक्चर झाली’ अशी थाप मारतो, तेव्हा ‘ही मेड अप अ स्टोरी’ असे म्हणतात. तेथे अपुरे काय होते आणि पुरे काय झाले? डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहून ठेवले आहे की क्रियापदाला जोडलेल्या या लहान शब्दांमुळे परकीयांना सर्वाधिक अडचण येते. त्यांनी ‘कम ऑफ’, ‘ब्रेक ऑफ’, ‘सेट आउट’, ‘टेक ऑफ’ अशी उदाहरणे दिली आणि प्रत्येकाचा अर्थ सुटा सुटा सांगितला. ज्या कोशकाराने साऱ्या भाषेचा संसार मांडला, त्यालाही येथे यादीच करावी लागली. आपण मुलांना खोटा दिलासा का द्यावा?

रंगपट :
चेहऱ्याच्या मेकअपविषयी मी अधिकाराने बोलू शकते, कारण हौशी नाटकांची रंगभूषा मी अनेक वर्षे करत आले आहे. मेकअप म्हणजे सुंदर दिसणे, ही समजूत अलीकडची आहे. रंगभूमीवर ‘मेक अप’ म्हणजे नटाला पात्राच्या रूपात उभे करणे. इंग्रजीत ‘ही वॉज मेड अप ॲज ॲन ओल्ड मॅन’ असे म्हणतात, आणि म्हातारा करण्याला कोणी सुशोभन म्हणणार नाही. पंचविशीतल्या मुलाला सत्तरीचा करायचा असेल, तर मी त्याला आधी कपाळाला आठ्या घालायला आणि डोळे बारीक करायला सांगते. त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर जिथे घड्या पडतात, नेमक्या तिथेच गडद रेघ ओढते, तिच्या कडेला फिकट रेघ देते आणि दोन्ही बोटाने पुसट करते. मनाने कुठेही रेघा ओढल्या तर तो म्हातारा दिसत नाही, रंगवलेला दिसतो. त्यावर भुवया पांढऱ्या होतात, गोंद लावून दाढी चिकटते, टोप बसतो आणि मग माणूस पुरा होतो.

शिवाय समोरून येणाऱ्या झगझगीत प्रकाशात नाक-डोळे सपाट दिसतात. प्रकाशाने पुसलेले ते उंच-सखल रंगाने परत आणावे लागते. कोयलीच्या दादांनी जी वाफ सांगितली, तसेच हेही आहे असे मला वाटते.

फत्तेगंज :
आणि लग्नघरी मेकअप करणाऱ्या ताईच उशिरा आल्या, तर त्यांना आधी वेळेचा मेकअप करावा लागतो!

सूरसागर :
दांडिया बाजार यांच्या शंकेचे उत्तर मला मराठीतच सापडते. ‘रचणे’ हे क्रियापद पाहावे. आपण विटा रचतो, कविता रचतो आणि कुभांडही रचतो. तुकड्यावर तुकडा ठेवून अखंड वस्तू उभी करणे, हे तिन्हींत समान आहे. आपण दिलेल्या उदाहरणातल्या मुलाजवळ सायकल होती, रस्ता होता, उशीर झालेलाच होता. या सुट्या तुकड्यांत पंक्चर घालून त्याने गोष्ट सलग केली. इंग्रजीने जे ‘मेक अप’मध्ये केले, तेच मराठीने ‘रचणे’मध्ये केले आहे.

‘बनवणे’चेही तसेच आहे. वस्तू बनवतात, माणसाला बनवतात, आणि ‘बनाव’ म्हणजे तर रचलेले खोटे प्रकरण. पण बडोद्यात येथे जपून राहावे लागते, कारण गुजरातीत ‘बनाव’ म्हणजे साधी घटना. आमच्या वहिनी लग्न होऊन साताऱ्याहून नव्याने आल्या होत्या. गुजराती वर्तमानपत्रात ‘अकस्मातनो बनाव’ असा मथळा वाचून त्यांनी घाबऱ्या घाबऱ्या विचारले की कोणी अपघाताचे नाटक केले आहे काय. एकाच धातूपासून एका भाषेत घडलेली गोष्ट निघाली आणि दुसरीत घडवलेली.

दांडिया बाजार :
सूरसागर, ‘रचणे’चा आपला मुद्दा मी मान्य करतो. तरीही माझा मूळ आक्षेप उरतोच. सूत्राने अर्थ नंतर उलगडतो, पण शब्द कुठे वापरावा हे त्यातून कळत नाही. ‘अपुरे ते पुरे करणे’ एवढेच शिकलेला मुलगा उद्या ‘रस्त्यावरचा खड्डा भरला’ यासाठी ‘मेड अप द होल’ असे लिहील, आणि ते इंग्रजी नव्हे. तेथे ‘फिल’ हेच क्रियापद हवे. पेला काठोकाठ भरायलाही ‘मेक अप’ चालत नाही. कोणत्या नामांशी या शब्दाची सोयरीक आहे, ते मुलाला सांगावेच लागेल : वेळ, तूट, फरक, संख्या, नुकसान. म्हणजे यादी पुन्हा आलीच. फार तर ती अर्थांची न राहता सोबतच्या शब्दांची होईल.

मांडवीकर :
दांडिया बाजार, हा आक्षेप मला पटतो आणि उपयोगीही वाटतो. सोबतच्या शब्दांची यादी करायला माझी हरकत नाही, कारण ती वाक्यांतून शिकवता येते. ‘वुई नीड टू मोअर प्लेअर्स टू मेक अप द टीम’ हे वाक्य क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. नऊच गडी जमलेले असतात आणि दोन हवे असतात.

आजवा रोड :
भांडणाचा अर्थ राहून जातो आहे. आमच्या सोसायटीत मराठी मुले ‘कट्टी’ आणि ‘बट्टी’ म्हणतात, गुजराती मुले ‘किट्टा’ आणि ‘बुच्चा’ म्हणतात, आणि इंग्रजी शाळेत जाणारी माझी मुलगी आता ‘वुई मेड अप’ असे सांगत घरी येते. सकाळी करंगळी दाखवून कट्टी झालेली असते आणि संध्याकाळी ‘मेक अप’ होतो. तुटलेले सांधले, म्हणजे येथेही सरांचे सूत्र बसते.

मला अडचण पुढे येते. तिच्या गोष्टीच्या पुस्तकात वडील मुलीला म्हणतात, ‘आय विल मेक इट अप टू यू.’ त्या दोघांचे भांडण तर झालेलेच नाही. मग ते काय मिटवत आहेत?

निवृत्त प्राध्यापक :
आजवा रोड ताई, तेथे वडील भांडण मिटवत नसून भरपाई करत आहेत. ठरलेल्या दिवशी मुलीला कमाटीबागेत नेता आले नाही, तर ‘तुझे जे राहिले ते मी भरून देईन’ असा त्या वाक्याचा भाव आहे. ज्याची भरपाई करायची, त्या व्यक्तीच्या आधी ‘टू’ येतो. ज्या उणिवेची करायची, तिच्या आधी ‘फॉर’ येतो. भांडण मिटवताना समोरच्या माणसाआधी ‘विथ’ येतो.

प्रतापनगर साहेब, आपली दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, मात्र त्यांचा रोख वेगळा आहे. ‘मेक अप टेन मिनिट्स’ म्हणजे नेमकी तीच दहा मिनिटे परत मिळवणे. ‘मेक अप फॉर’मध्ये मोबदला वेगळ्या रूपातही असू शकतो. ‘त्याच्या मेहनतीने अनुभवाची उणीव भरून निघाली’ या वाक्याला ‘फॉर’ लागेल, कारण मेहनत म्हणजे अनुभव नव्हे. गेलेल्या वेळेच्या बाबतीत मात्र दोन्ही रूपे रूढ आहेत.

आणखी दोन गोष्टी मुलांच्या नेहमी निसटतात. पहिली म्हणजे कर्माची जागा. नाम असेल तर ‘मेक अप अ स्टोरी’ आणि ‘मेक अ स्टोरी अप’ दोन्ही चालतात, पण सर्वनाम असेल तर ते मध्येच यायला हवे. ‘शी मेड इट अप’ बरोबर, ‘शी मेड अप इट’ चूक. दुसरी म्हणजे आघात. क्रियापदात जोर ‘अप’वर पडतो. नामात तो ‘मेक’वर येतो, आणि मग लिहिताना दोन शब्द जोडले जातात. आपल्या मराठीत नामच आले, म्हणून आपली मुले क्रियापदही नामासारखेच उच्चारतात.

रेशीमधागा :
कापडाच्या निर्यातीत ‘मेड-अप्स’ हा रोजचा शब्द आहे. चादरी, अभ्रे, पडदे, टॉवेल अशा तयार वस्तू त्यात मोडतात, आणि जकातीच्या वर्गवारीत त्यांच्यासाठी ६३वे प्रकरण आहे. कापडाच्या त्या विभागाच्या टिपांत ‘मेड अप’ची व्याख्याच दिलेली आहे. ताग्यातून नुसता चौकोनी तुकडा कापला तर ते कापडच राहते. त्याच्या कडा दुमडून शिवल्या की ते ‘मेड अप’ होते. म्हणजे पुरे होणे हे कधी कधी केवळ कडेच्या एका शिवणीवर ठरते, आणि त्या शिवणीने मालाचे प्रकरण आणि बरेचदा कराचा दरही बदलतो.

खंडेराव मार्केट :
‘मेड ऑफ’, ‘मेड फ्रॉम’ आणि ‘मेड अप ऑफ’ यांतला फरक कोणी सांगेल का? मुलाच्या चाचणीत हमखास येतो.

निवृत्त प्राध्यापक :
बडोद्याची सेव-उसळ घेऊन सांगतो. पाट लाकडाचा आहे आणि लाकूड डोळ्यांना दिसते, तेथे ‘मेड ऑफ’. सेव बेसनाची आहे, पण तळल्यावर बेसन मूळ रूपात उरत नाही, म्हणून ‘मेड फ्रॉम’. उसळ, सेव, तरी, कांदा आणि पाव मिळून एक बशी होते आणि त्यातला प्रत्येक घटक आपापल्या जागी ओळखू येतो, तेथे ‘मेड अप ऑफ’. समिती, संघ, मंत्रिमंडळ यांना म्हणूनच ‘मेड अप ऑफ’ लागते.

आजवा रोड :
प्राध्यापक काका, मनापासून आभार. ‘विथ’, ‘टू’ आणि ‘फॉर’ मी तिच्या वहीत आजच लिहून देते.

सूरसागर :
‘मेक अप वन्स माइंड’ अजून कोणी घेतले नाही. हिंदीच्या प्रभावाने ‘मी मन बनवले आहे’ असे आपल्याकडेही हल्ली ऐकू येते. मराठीत आपण ‘मनाशी ठरवले’ किंवा ‘मनाचा हिय्या केला’ असे म्हणतो, आणि तेच मला आवडते. ठरण्यापूर्वी मन ‘द्विधा’ असते, असा शब्द आपल्याकडे आहेच. दोन ठिकाणी वाटलेले मन एकत्र आले की निश्चय होतो. सरांचे सूत्र येथे मला सर्वांत सुंदर रीतीने लागू पडलेले दिसते.

फत्तेगंज :
माझ्या भाच्याच्या अमेरिकेतल्या शाळेत ‘मेकअप एक्झाम’ असते. म्हणजे आपली पूरक परीक्षाच ना?

रसायनशाळा :
पूर्णपणे नाही. ‘मेकअप एक्झाम’ बहुधा आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने ज्याची परीक्षा बुडाली, त्याच्यासाठी घेतात. आपल्या गुजरात बोर्डाची पूरक परीक्षा मुख्यतः अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी असते. मात्र ‘पूरक’ म्हणजे पुरे करणारी, हे नाव मांडवीकर सरांच्या कामाचे आहे.

मांडवीकर :
आपण सर्वांनी इतके भरभरून लिहिले, याबद्दल मी ऋणी आहे. पुढच्या आठवड्यात मी वर्गाची सुरुवात चंबूच्या रेघेपासून करणार आहे, त्यानंतर नऊ गड्यांचा संघ घेईन, आणि थाप व भांडण शेवटी. चेहऱ्याचा अर्थ मुलांना येतच असतो. सोबतच्या शब्दांची यादी दांडिया बाजार यांनी तपासून दिली तर फार बरे होईल.

एकच शंका उरली आहे. एका जुन्या इंग्रजी उताऱ्यात ‘ही वॉज मेकिंग अप टू द मॅनेजर’ असे वाक्य आहे. प्राध्यापकांच्या नियमाने ही व्यवस्थापकाची भरपाई म्हणावी काय?

दांडिया बाजार :
यादी मी आनंदाने तपासून देईन. आपल्या शंकेतले वाक्य मात्र आपल्या सूत्राला अवघड जाईल, असा माझा कयास आहे.

निवृत्त प्राध्यापक :
नाही, ती भरपाई नव्हे. तेथे मध्ये ‘इट’ नाही, हे पाहावे. ‘मेक अप टू समवन’ हा जुन्या वळणाचा ब्रिटिश प्रयोग आहे आणि त्याचा अर्थ स्वतःच्या लाभासाठी एखाद्याला लाडीगोडी लावणे असा होतो. येथे दांडिया बाजार यांचे म्हणणे खरे आहे, हा अर्थ पुरे करण्याच्या सूत्रात ओढून बसवू नये. ‘अप टू’मध्ये जवळ जाऊन भिडण्याचा भाव असतो आणि तोच येथे आहे. शाळेच्या पातळीवर हा अर्थ शिकवण्याची गरज नाही. उताऱ्यात आला तर तेवढ्यापुरता सांगावा.